साठा आपल्याकडे, मग लाइन आपलीच का थांबली?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सदाशिव पेठेत राहून तुम्ही स्पर्धा परीक्षेची तयारी करताय. नोट्समध्ये लिहिलंय की रेअर अर्थच्या, म्हणजे मोटरच्या ताकदवान मॅग्नेटला लागणाऱ्या मूलद्रव्यांच्या साठ्यात भारत जगात तिसरा, सुमारे ६९ लाख टन. सैन्य मोठं, अर्थव्यवस्था पहिल्या पाचांत. आणि तरीही एप्रिल २०२५ मध्ये चीनने या मॅग्नेटच्या निर्यातीवर एक नियम काढला आणि दोन-तीन महिन्यांत आकुर्डी-चाकणपर्यंत विजेवरच्या गाड्यांचं उत्पादन अडखळलं. बजाज ऑटोने तर जाहीरच सांगितलं होतं की मॅग्नेट आले नाहीत तर ऑगस्टमध्ये चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. तुम्ही विचारता: मग देशाची ताकद मोजायची कशात? खाणी सुरू केल्या आणि संरक्षणाचं बजेट वाढवलं की हे सुटेल का? आणि शेवटी एक उपप्रश्न: मॅग्नेट नसलेल्या मोटरवरच का जात नाही आपण?

मी अभ्यासक नाही. भोसरी आणि चाकणच्या मोटर बनवणाऱ्या कारखान्यांत परचेस बघण्यात माझी नोकरी गेली. तांबं, लॅमिनेशनचं सिलिकॉन स्टील, बेअरिंग आणि मॅग्नेट. आता निवृत्त आहे, दोन-चार लहान कारखान्यांना सल्ला देतो. त्यामुळे उत्तर परचेसच्या टेबलावरून येईल, परराष्ट्र धोरणाच्या नाही. पण हा प्रश्न त्या टेबलावरून जरा जास्त स्वच्छ दिसतो असं माझं मत आहे.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. सगळ्या साधनसंपत्तीला एकच नियम लागत नाही. तेलाचं गणित वेगळं आहे. तिथे विहीर ज्याची त्याचा शब्द बराच चालतो, कारण कच्चं तेल शुद्ध करणाऱ्या रिफायनऱ्या जगभर आहेत, आपल्याकडेही भरपूर आहेत. १९४१ मध्ये अमेरिकेने जपानचं तेल तोडलं तेव्हा जपानच्या आरमारासमोर महिन्यांत मोजता येईल एवढाच साठा उरला होता आणि त्या वर्षाअखेर पर्ल हार्बर झालं. तांब्याचा बाजार इतका मोठा आहे की एका देशाने अडवलं तर भाव चढतो, माल मिळायचा थांबत नाही. रेअर अर्थ, गॅलियम, जर्मेनियम, अँटिमनी ही जात निराळी. बाजार लहान, गिऱ्हाइकं मोजकी आणि मधली प्रक्रिया जवळपास एकाच देशात. खाली मी बोलतोय ते या जातीबद्दल. शिवाय अडवणूक किती काळ चालते यावरही सगळं अवलंबून असतं. तीन महिन्यांची अडचण आणि तीन वर्षांची अडचण यांची उत्तरं एक नाहीत.

आता मूळ प्रश्न. "खनिज कुणाकडे आहे" हा प्रश्न तुम्ही विचारताय, पण लाइन त्यामुळे थांबली नाही. वाळूपासून मॅग्नेटपर्यंत काय काय होतं ते एकदा नीट बघा.

आपलं रेअर अर्थ मुख्यतः समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत आहे, मोनाझाइट या खनिजात. केरळात चवरा, तमिळनाडूत मनवलकुरिची, ओडिशात छत्रपूर. मोनाझाइटमध्ये साधारण ८ ते १० टक्के थोरियम ऑक्साइड असतं, म्हणून ते अणुऊर्जा खात्याच्या कक्षेत येतं आणि आयआरईएल या सरकारी कंपनीखेरीज त्याला सहसा कुणी हात लावत नाही. ही कंपनी १९५० ची. केरळात अलुवाला तिचा कारखाना १९५२ मध्येच सुरू झाला होता. म्हणजे आपण उशिरा जागे झालो असं म्हणायला जागा नाही. आपण लवकर उठलो आणि पहिल्या पायरीवर बसून राहिलो.

पायऱ्या अशा. वाळूतून मोनाझाइट वेगळं काढायचं. ते कॉस्टिक सोड्याने फोडून थोरियम बाजूला करायचं. उरलेल्या मिश्रणात पंधराएक मूलद्रव्यं रसायनदृष्ट्या जुळ्या भावांसारखी एकमेकांत अडकलेली असतात. ती वेगळी करायला मिक्सर-सेटलर नावाच्या टाक्यांच्या लांबच लांब रांगा लागतात, शेकडो टप्पे. एका टोकाला मिश्रण घातलं की दुसऱ्या टोकाला शुद्ध माल यायला बराच काळ जातो आणि मध्ये एका टाकीत आम्लाचं प्रमाण बिघडलं की मागचं सगळं वाया. मग ऑक्साइडपासून धातू करायचा, तो वितळलेल्या क्षारात विद्युत विघटनाने. मग लोह आणि बोरॉनबरोबर मिश्रधातू. मग त्याची तीन ते पाच मायक्रॉनची भुकटी, जी हवेत उघडी राहिली तर पेट घेते. ती भुकटी चुंबकीय क्षेत्रात दाबायची, हजार अंशांच्या वर सिंटर करायची, म्हणजे न वितळवता भाजून घट्ट करायची, घासायची, कापायची, निकेलचं कोटिंग द्यायचं आणि शेवटी मॅग्नेटाइज करायचं. तेव्हा कुठे तो तुकडा रोटरमध्ये, मोटरच्या फिरत्या भागात, बसतो.

यातल्या खाणकामात चीनचा वाटा दोन तृतीयांशाच्या आसपास आहे. वेगळं करण्यात आणि मॅग्नेटमध्ये तो ९० टक्क्यांच्या घरात जातो. हे दोन आकडे शेजारी ठेवलेत की तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ मिळालं. खाण दुसऱ्याची असली तरी चालतं त्यांना. चीन स्वतःसुद्धा जड रेअर अर्थचा (डिस्प्रोसियम, टर्बियम वगैरे) मोठा कच्चा माल म्यानमारच्या काचिन राज्यातून आणतो. २०२४ च्या ऑक्टोबरात काचिन बंडखोरांनी पांगवा हे तिथलं खाणींचं ठाणं घेतलं तेव्हा चिनी कारखान्यांनाही झळ बसली. आणि चीनने डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात कशाची बंद केली? हे वेगळं करण्याच्या आणि मॅग्नेट बनवण्याच्या तंत्राची. त्यांची खरी ताकद कुठे आहे हे त्यांना नेमकं ठाऊक आहे.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. ऊस लाखो शेतकऱ्यांकडे आहे, पण तालुक्याचं राजकारण साखर कारखान्यात बसतं. तोड कधी येणार, उतारा किती धरणार, पैसे कधी देणार हे ऊसवाला ठरवत नाही. आणि सहकारी कारखाने उभे कसे राहिले? प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर धनंजयराव गाडगीळ उभे होते, पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ. शेतकऱ्यांनी भाग घेतले, सरकारनेही भाग घेतले आणि धंदा पायावर उभा राहीपर्यंत कुणीतरी कळ सोसली. मॅग्नेटचा कारखाना अशी कळ सोसणारा शोधतोय.

आता दुसरी बाजू, जी परीक्षेच्या पुस्तकात येत नाही: आपल्याकडे हे का झालं नाही.

माझ्या टेबलावर दरवर्षी वाहन कंपनीकडून एक पत्र यायचं. पुढच्या वर्षी मोटरचा भाव इतके टक्के खाली. आमच्या भाषेत कॉस्ट डाउन. तांब्याचा भाव लंडनला ठरतो, स्टीलचा स्टीलवाले ठरवतात, मग कापायचं कुठे? मॅग्नेटमध्ये. चीनमधल्या निंगबोचा व्हेंडर दर दोन-तीन वर्षांनी आपणहून भाव कमी करायचा, ग्रेड सुधारून द्यायचा आणि सहा आठवड्यांत न्हावाशेव्याला माल उतरवायचा. समजा भोसरीतल्या कुणी हिंमत करून सिंटर्ड मॅग्नेट बनवले असते आणि वीस-पंचवीस टक्के महाग दिले असते, तर मी ते घेतले असते का? नाही. माझ्या जागी कुणीही घेतले नसते. लाखाच्या स्कूटरमध्ये मॅग्नेट काही हजारांचा, पण परचेसवाल्याचं मूल्यमापन त्या हजारांवरच होतं. "देश अडचणीत येईल" असा कॉलम आमच्या कम्पॅरिझन शीटमध्ये नव्हता. एल-वन कोण, म्हणजे सगळ्यात कमी भाव कुणाचा, एवढाच होता. प्रत्येक कारखान्याचा हिशेब बरोबर होता आणि सगळ्यांची बेरीज करून देशाचा हिशेब तोट्यात गेला.

यात फक्त आपण नाही. निओडिमियम या रेअर अर्थचा मॅग्नेट, म्हणजे वर सांगितला तोच, चीनने शोधलेला नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या सुमितोमोमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी तो साधारण एकाच वेळी काढला. जनरल मोटर्सने त्यासाठी मॅग्नेक्वेंच नावाची कंपनी काढली, इंडियाना राज्यात. १९९५ मध्ये ती विकली. घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या. पुढच्या काही वर्षांत यंत्रसामग्री चीनला गेली आणि इंडियानातले कारखाने बंद पडले. मार्गदर्शित बॉम्बना लागणारे मॅग्नेट बनवणारं काम होतं ते. विकताना कुणालाही वाटलं नाही की आपण शस्त्रागाराची किल्ली विकतोय. तोट्यातला विभाग काढून टाकला, शेअरहोल्डर खूष.

कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीची गोष्ट त्याहून बोलकी. २०१० मध्ये जपान आणि चीन दोघेही आपली म्हणतात त्या सेनकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी बोट आणि जपानी तटरक्षक दलाची जहाजं यांची टक्कर झाली, जपानने बोटीच्या कप्तानाला धरलं आणि चीनकडून जपानला जाणारं रेअर अर्थ अडकलं. २०११ मध्ये भाव आकाशाला भिडले. मॉलिकॉर्प कंपनीने त्या भावावर विसंबून माउंटन पासमध्ये मोठी गुंतवणूक केली. मग भाव कोसळले आणि २०१५ मध्ये मॉलिकॉर्पने दिवाळखोरी जाहीर केली. जागतिक व्यापार संघटनेत खटला मात्र अमेरिका, युरोप, जपानने २०१४ मध्ये जिंकला होता! चीनने निर्यातीचा कोटा उठवला, माल मोकळा झाला आणि जिंकणाऱ्यांची खाण बुडाली. परचेसमध्ये आम्ही याला नाव देत नाही, पण दुसरा व्हेंडर उभा राहतोय असं दिसलं की पहिला व्हेंडर भाव पाडतो हे कारकुनालाही माहीत असतं.

जपानने काय केलं ते बघा. त्यांनी सरकारी पैसा आणि सोजित्झ या व्यापारी कंपनीचा पैसा मिळून २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लायनस या रेअर अर्थ कंपनीत घातला. खाण पश्चिम ऑस्ट्रेलियात माउंट वेल्डला, वेगळं करण्याचा कारखाना मलेशियात क्वांतानला. लायनसही मध्यंतरी बुडायच्या बेतात होती. जपानने कर्जाची मुदत वाढवली, व्याज कमी केलं, माल घेत राहिला. दुसरीकडे होंडा आणि दायदो स्टीलने २०१६ मध्ये जड रेअर अर्थ न वापरता हायब्रिड गाडीची मोटर काढली. एवढं सगळं करून जपानचं चीनवरचं अवलंबन ९० टक्क्यांच्या आसपासून ६० टक्क्यांच्या आसपास आलं. शून्यावर नाही. पैसेवाल्या, शिस्तीच्या देशाला दहा-पंधरा वर्षं लागून एवढंच जमलं. आपल्याकडे कुणी "तीन वर्षांत आत्मनिर्भर" म्हणालं तर हा आकडा त्यांना दाखवा.

आणि अमेरिका? जुलै २०२५ मध्ये त्यांच्या संरक्षण खात्याने माउंटन पासच्या नव्या मालकात, एमपी मटेरियल्समध्ये, ४० कोटी डॉलरचे शेअर घेतले आणि निओडिमियम-प्रॅसिओडिमियमला, म्हणजे मॅग्नेटच्या मुख्य कच्च्या मालाला, किलोमागे ११० डॉलरची किमान किंमत दहा वर्षांसाठी बांधून दिली. बाजारभाव त्याच्या बराच खाली होता. म्हणजे मुक्त बाजाराचं माहेरघर समजला जाणारा देश शेवटी हमीभावावर आला. आपल्याकडे कांद्याला हमीभाव मागितला की नाकं मुरडणाऱ्यांनी यावर काय म्हणायचं ते ठरवावं.

आता सैन्याकडे वळू, कारण तुमचा दुसरा प्रश्न तिथे आहे. अमेरिकी संसदेच्या संशोधन विभागाने दिलेल्या आकड्यानुसार एका एफ-३५ विमानात ४०० किलोहून जास्त रेअर अर्थ असतं. २०२२ मध्ये त्या विमानाच्या एका भागातल्या मॅग्नेटचा मिश्रधातू चिनी निघाला तेव्हा पेंटॅगॉनने विमानं ताब्यात घेणं काही आठवडे थांबवलं आणि शेवटी सवलत देऊन तीच विमानं घेतली. दुसरा पर्याय तयार नव्हता. क्षेपणास्त्राचे पंख हलवणाऱ्या मोटरी, रडार, सोनार, सगळीकडे हे आहे.

पण इथेच तुमचा "बजेट वाढवा" हा तोडगा अडतो. लष्कराला हा माल हवाच असतो, पण थोडा. एकूण मागणीत संरक्षणाचा वाटा किरकोळ आहे. तेवढ्यावर मिक्सर-सेटलरची रांग चालत नाही. चीनमध्ये ती रांग कोण चालवतं? विजेवरच्या गाड्या, एअर कंडिशनरचे कॉम्प्रेसर, पवनचक्क्या, मोबाइलचे स्पीकर. नागरी बाजार खर्च उचलतो आणि लष्कराला माल आपोआप मिळतो. आपल्याकडेही विशाखापट्टणमला आयआरईएलचा समेरियम-कोबाल्ट मॅग्नेटचा कारखाना आहे, संरक्षण आणि अणुक्षेत्रासाठी. क्षमता वर्षाला ३,००० किलो. काम चांगलं आहे, पण किलोत मोजतो आपण ते. बाजार टनात चालतो.

याच्या उलट, म्हणजे आपल्या बाजूची बातमीही पुण्यातच आहे. एटीएजीएस ही १५५ मिलिमीटर, ५२ कॅलिबरची तोफ पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने आखली. मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा करार झाला, सुमारे ६,९०० कोटींचा. त्यातला मोठा वाटा भारत फोर्जकडे आला, उरलेला टाटांकडे. मुंढव्याच्या कारखान्याला तोफेची नळी करता येते ती काय एका रात्रीत? १९६० च्या दशकापासून ट्रकचे क्रँकशाफ्ट आणि ॲक्सल बीम ठोकून, ते जगभर विकून, त्या पैशावर प्रेस आणि धातूशास्त्राची माणसं जमा झाली. तोफ त्याच्यावरची साय. ट्रकच नसते तर तोफही नसती. मी संरक्षणावरच्या चर्चा ऐकतो तेव्हा लोक विमानं आणि पाणबुड्या मोजत असतात. मला क्रँकशाफ्ट मोजावेसे वाटतात.

युक्रेनच्या युद्धाने हेच दाखवलं. युद्ध पेटलं तेव्हा जगातलं सगळ्यात महागडं सैन्य बाळगणारी अमेरिका महिन्याला १५५ मिलिमीटरचे साधारण १४,००० गोळे बनवत होती. आघाडीवर तेवढे काही दिवसांत संपत. बजेटची कमतरता नव्हती. शांततेच्या काळात मागणी नाही म्हणून लाइन लहान ठेवल्या होत्या, टीएनटी हे स्फोटक देशात बनवणंसुद्धा १९८० च्या दशकातच थांबलं होतं. ते पुन्हा सुरू करायचं कंत्राट निघालं २०२४ मध्ये, केंटकीत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, बंद लाइन चालू करायला पैशापेक्षा माणसं लागतात, आणि ती निवृत्त होऊन गावाला गेलेली असतात.

एक मुद्दा आमच्या धंद्यातल्या लोकांना सोडून फार कुणाच्या लक्षात आला नाही. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात मूलद्रव्यांवर निर्बंध आणले: समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम, यिट्रियम आणि त्यांचे मॅग्नेट. ही बंदी नव्हती. लायसन्स होतं. बंदीपेक्षा लायसन्स कितीतरी धारदार. बंदी आली असती तर दुसऱ्या दिवशी संचालक मंडळाने पर्यायी कारखान्याला पैसे मंजूर केले असते. लायसन्स म्हटल्यावर काय होतं? "अर्ज केलाय, पुढच्या महिन्यात येईल." मग थोडा माल येतोही. तेवढ्याने लाइन अर्धी चालते आणि नव्या गुंतवणुकीची फाइल खाली जाते. शिवाय अर्जासोबत एंड-यूज सर्टिफिकेट: मॅग्नेट कुठल्या मोटरीत, मोटर कुठल्या गाडीत, गिऱ्हाईक कोण, लष्करी वापर नाही याची हमी. आपल्या सरकारी खात्यांचं प्रमाणन, वर चिनी वकिलातीचा शिक्का. म्हणजे आपली सगळी पुरवठा साखळी आपणच टाइप करून त्यांना पाठवायची.

त्याच वेळी तयार मोटर मात्र चीनमधून आणायला मोकळीक होती. सुटा मॅग्नेट नाही, पण मॅग्नेट बसवलेली अख्खी मोटर घ्या! तेव्हा कित्येक कारखान्यांत ही चर्चा झाली आणि ज्यांची लाइन अडली होती त्यांना मी दोष देत नाही. पण त्याचा अर्थ असा की मूल्यवर्धनाची आणखी एक पायरी तिकडे जाते आणि भोसरीतला वाइंडिंगवाला घरी बसतो.

म्हणून चीन अजिंक्य आहे असं मात्र समजू नका. हे हत्यार वापरलं की बोथट होतं. २०१० ने लायनस जगवली. २०२० मध्ये चीनने ऑस्ट्रेलियाचा कोळसा अडवला आणि पुढच्याच वर्षी चीनमध्ये विजेची टंचाई झाली तेव्हा बंदरात पडून असलेला तोच कोळसा सोडवून घ्यावा लागला. लोहखनिज अडवायची तर त्यांनी हिंमतच केली नाही, कारण त्याला पर्याय नव्हता. त्यांचंही मर्म आहे: अतिप्रगत चिप बनवायची यंत्रं. ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेने चिपवरचे निर्बंध आवळले, त्याला उत्तर म्हणून चीनने २०२३ मध्ये गॅलियम-जर्मेनियम, २०२४ मध्ये काडतुसाच्या प्रायमरला लागणारं अँटिमनी, २०२५ मध्ये मॅग्नेट पुढे केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये निर्बंध आणखी वाढवले आणि महिन्याभरात, दक्षिण कोरियात बुसानला ट्रम्प आणि शी जिनपिंग यांची भेट झाल्यावर, ते वाढीव निर्बंध वर्षभरासाठी स्थगित केले. दोघांच्याही हातात दुसऱ्याची नस होती म्हणून सौदा झाला. आपल्या हातात कुठली नस आहे? औषधांचा काही भाग, आणि आपला बाजार. त्यापलीकडे यादी फार लवकर संपते, आणि मला खरी काळजी त्याची वाटते.

ही अडवणूक कारखान्यापुरतीही नव्हती. २०२५ मध्येच चीनकडून येणारी विद्राव्य खतं आटली. नारायणगाव, नाशिककडच्या द्राक्षवाल्यांना ठिबकमधून तीच लागतात.

इथवरचं थोडक्यात: साठा म्हणजे ताकद नाही, मधली प्रक्रिया म्हणजे ताकद. ती टिकते नागरी मागणीवर आणि वाईट वर्षांत कुणीतरी सोसलेल्या तोट्यावर. लष्कर तिच्या वर उभं असतं, खाली नाही.

मग आपण काय करावं? केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टन सिंटर्ड मॅग्नेटची क्षमता उभारायला. दोन वर्षं उभारणीला आणि पुढे पाच वर्षं विक्रीवर प्रोत्साहन. दिशा बरोबर आहे. ऑक्साइडपासून मॅग्नेटपर्यंतच्या मधल्या पायऱ्यांना पैसा दिलाय, नुसत्या खाणीला नाही. माझ्या शंका दोन.

पहिली, कच्च्या मालाची. ६,००० टन मॅग्नेटला साधारण १,८०० टन निओडिमियम-प्रॅसिओडिमियम लागेल. आयआरईएलची आजची क्षमता त्यातल्या एका हिश्श्यापुरती आहे. आणि आपल्या वाळूत हलकी मूलद्रव्यं आहेत, डिस्प्रोसियम-टर्बियम नावापुरती. मे महिन्यात डबलसीट कात्रजचा घाट चढताना मोटर तापते. त्या तापमानात मॅग्नेटने दम टिकवावा म्हणून त्यात काही ग्रॅम डिस्प्रोसियम घालतात. तेवढे काही ग्रॅम बाहेरूनच येणार. ते कमीत कमी लागावं यासाठी कणांच्या सीमेवरच डिस्प्रोसियम मुरवण्याचं तंत्र आहे. त्या संशोधनावर खर्च करणं मला खाणीपेक्षा स्वस्त आणि शहाणपणाचं वाटतं.

दुसरी शंका गिऱ्हाइकाची. प्रोत्साहन बनवणाऱ्याला मिळेल. पण घेणारा बांधलेला नाही. समजा २०२८ मध्ये आपले कारखाने सुरू झाले आणि त्याच महिन्यात निंगबोने भाव तीस टक्के पाडला, तर वाहन कंपनीचा परचेसवाला काय करेल? मी केलं असतं तेच. म्हणून वाहन कंपन्या आणि संरक्षण कारखान्यांवर ठरावीक टक्के देशी मॅग्नेट घेण्याची, दहा वर्षांच्या कराराची अट हवी आणि त्याचा वाढीव भार गाडीच्या किमतीत दिसू द्यायला हवा. स्कूटर हजार-दीड हजारांनी महागेल. ते पैसे म्हणजे संरक्षण खर्चच, फक्त तो अर्थसंकल्पात न दिसता शोरूमच्या बिलात दिसेल. राजकीयदृष्ट्या हे अवघड आहे, मला माहीत आहे. पण या योजनेचं भवितव्य बघायचं असेल तर भूमिपूजनाचे फोटो बघू नका. कुठल्या वाहन कंपनीने किती वर्षांची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, दिली ते शोधा.

साठेबाजी करावी का, असंही कुणी विचारेल. करावी, सहा महिने ते वर्षभराची, ऑक्साइड आणि धातूच्या रूपात. तयार मॅग्नेटचा साठा करून उपयोग नाही, प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा आणि मॉडेल दोन वर्षांत बदलतं.

राहिला तुमचा उपप्रश्न, मॅग्नेट नसलेली किंवा साध्या फेराइटची, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडच्या स्वस्त मॅग्नेटची मोटर. होते, चालते. इंडक्शन मोटर तर आपल्या प्रत्येक पिठाच्या गिरणीत आहे. फेराइटची चुंबकीय ऊर्जा निओडिमियमच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी, त्यामुळे तेवढाच जोर काढायला मोटर मोठी आणि जड होते. रोटरची रचना बदलून त्यातलं बरंचसं भरून काढता येतं, सगळं नाही. बसमध्ये आणि तीनचाकीत जागा आहे, तिथे मी आजच फेराइट किंवा इंडक्शनवर जायला सांगेन आणि दोन गिऱ्हाइकांना सांगितलंही आहे. स्कूटरच्या चाकात ती जागा कुठून काढायची हे डिझाइनवाल्यांना विचारा. ते म्हणतात जमेल, कंट्रोलरचं सॉफ्टवेअर नव्याने लिहावं लागेल, आणि परवानगीच्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतील. या चाचण्यांना लागणारा वेळ कमी करणं पूर्णपणे आपल्याच सरकारच्या हातात आहे, त्यासाठी बीजिंगला अर्ज करावा लागत नाही.